साखळी बसत नाही

३ जानेवारी, शनिवार

प्रबोधचा फोन अकरा मिनिटं चालला. त्यातली नऊ साखळीवर गेली. त्याच्या आईंचा खुबा कसा आहे, आमची लेक क्षिप्रा दिवसभर काय करते, मी कशी आहे, हे सगळं उरलेल्या दोन मिनिटांत.

म्हणून ही वही काढलीय. इथे सिंगापूरच्या ऑफिसात कुणाला सांगणार? त्यांच्या मते माझ्यासारखी नशीबवान बाई अख्ख्या टाम्पिनीसमध्ये नाही. नवरा जपानात, होक्काइडोला लॉज चालवतो! "वा, एव्हरी डे स्नो, सो शिओक," काय मजा, असं आमची पेई लिंग दर सोमवारी म्हणते.

लॉज आमचं नाही, कॅप्टन श्रीनिवास बापटांचं आहे. टेकडीवर चार खोल्या. बापटांची बायपास ठरली, ते पुण्याला गेले, आणि प्रबोध हिवाळाभर लॉज सांभाळायला नोव्हेंबरात तिकडे गेला. मुख्य रस्त्यापासून लॉजपर्यंत चारशे मीटरची चढण आहे. गावाची बर्फ काढणारी गाडी मुख्य रस्ताच साफ करते, वरची वाट ज्याची त्यानं मोकळी करायची. त्यासाठी बापटांनी एटीव्ही घेऊन ठेवलीय. जाड टायरची चार चाकांची मोटरसायकल, पुढे बर्फ ढकलायला लोखंडी पातं. डिसेंबरात तिनं काम भागलं. आता पाऊस पडून गोठला, त्यावर नवा बर्फ पडला, आणि चाकं जागच्या जागी फिरतात. टायरना साखळ्या चढवल्याशिवाय ती इंचभर सरकत नाही.

"मग चढव ना. साखळ्या आहेत म्हणालास."

"आहेत. बसत नाहीत."

"माप चुकलंय का?"

"माप बरोबर आहे. हुक लागत नाही."

"हुक लागत नाही म्हणजे काय? तू अख्खं इंजिन उघडून परत जोडतोस!"

"विनीता, इथे उणे चौदा आहे. पासिर रिसमध्ये पंख्याखाली बसून मला हुक शिकवू नकोस."

सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. जुलैत कंपनीशी पटलं नाही म्हणून नोकरी सोडून आला, तेव्हापासून असाच तिरसटलाय. वाट मोकळी झाली नाही तर पाहुणे येणार नाहीत, आणि केरोसीनची गाडीही वर चढणार नाही. घर त्या केरोसीनवर गरम राहतं.

७ जानेवारी

क्षिप्रानं जपानी दुकानातून दुसऱ्या साखळ्या मागवल्या. शाळेत तिनं तिसरी भाषा म्हणून जपानी घेतली होती, तेव्हा मीच म्हणाले होते, कशाला हवीय. या साखळ्यांचे हुक मोठे आहेत, हातमोजे घालूनही लागतात असं लिहिलंय. पार्सल वरपर्यंत जाणार नाही, म्हणून खालच्या वळणावर गाईंचा गोठा असलेल्या ओगावा-सान यांचा पत्ता दिला. सत्तरीच्या आहेत, एकट्याच गोठा चालवतात.

क्षिप्राला तिकडे जायचं होतं. व्हिसासुद्धा काढून ठेवलाय. त्यानं दोनदा पुढे ढकलायला लावलं. "आत्ता नको, फार बर्फ आहे." बर्फ बघायलाच तर जायचं होतं पोरीला.

११ जानेवारी, रविवार

ओगावा-सान यांनी पार्सल पाठीला बांधून बर्फातून वर नेऊन दिलं. सत्तर वर्षांची बाई! दोन दिवस झाले त्याला.

आज विचारलं, "बसल्या?"

"नाही."

"याही नाही?"

"नाही म्हटलं ना."

फोन स्पीकरवर होता. नंतर आई मला म्हणाल्या, "हा तोंडात सुपारी धरून बोलतो का गं हल्ली? मला अर्धं कळलंच नाही." मी त्याला मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, थंडीनं जबडा आखडतो. कॅमेरा लावत नाही, म्हणे तिथे नेटवर्क कमी पडतं. बापट तिथे असताना तासन्‌तास व्हिडिओवर दाखवायचे, हे बघा वहिनी, छतावर बर्फ, हे बघा कोल्हा.

मला एक शंका येतेय. ती इथेसुद्धा लिहायला हात धजत नाही.

१२ जानेवारी

लिहितेच. तो परत प्यायला लागलाय.

बारा वर्षांपूर्वी जहाजावर त्याच्या हाताखालचा एक फिटर भाजून गेला. त्यानंतर दोन वर्षं प्रबोध प्यायचा. तेव्हाही फोनवर शब्द असेच लोळायचे. तेव्हाही कारणं असायची, दात दुखतोय, झोप झाली नाही. मग एक दिवस स्वतःच सोडली आणि पुन्हा थेंब घेतला नाही. निदान माझ्यासमोर.

एकटा माणूस, चार रिकाम्या खोल्या, बाहेर बर्फ. साखळी बसत नाही कशी? हात थरथरत असतील तर नाहीच बसणार.

१७ जानेवारी, शनिवार

आज वेडेपणा केला. जालान बेसारला जाऊन हार्डवेअरच्या दुकानांत बर्फाची साखळी शोधली. बाहेर बत्तीस डिग्री. तीन दुकानांतून हसून परत पाठवलं. चौथ्यात बनियनवर बसलेले एक म्हातारे अंकल होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"स्नो चेन? आंटी, यू गोइंग व्हेअर?"

नवऱ्याचं सांगितलं. ते उठले, मागे गेले, पंधरा मिनिटं काहीतरी पाडत राहिले आणि धुळीनं भरलेली पेटी घेऊन आले. रशियात साखालिनच्या कुठल्याशा तेलाच्या कॅम्पसाठी कुणीतरी मागवल्या होत्या, नंतर ऑर्डर रद्द झाली. "टेन इयर्स ऑलरेडी."

मी म्हटलं, मला विकत नकोत, कशा लावतात तेवढं दाखवा. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. उलट खूष झाले. माल वाहायची ढकलगाडी आडवी पाडली, तिच्या हवेच्या चाकावर साखळी टाकली. हुकांची तोंडं टायरच्या बाहेरच्या बाजूला हवीत, नाहीतर टायर फाटतं. आधी आतला हुक, मग बाहेरचा, मग रबरी पट्ट्यांनी ताण द्यायचा. थोडं अंतर चालवायचं, थांबून पुन्हा आवळायची. झालं.

"नाऊ यू."

पहिल्यांदा मला पाच मिनिटं लागली. दुसऱ्यांदा एक मिनिटही नाही. मी! जिला घरातला बल्ब बदलायला क्षिप्रा लागते. हुक बोटांनी नुसता दाबायचा आणि सोडायचा.

"सी? इझी. माय ग्रँडसन ऑल्सो कॅन."

मी म्हटलं, माझा नवरा चीफ इंजिनिअर आहे. त्याला दोन आठवड्यांत जमलेलं नाही.

अंकल साखळी गोळा करत होते. थांबले. "इंजिनिअर आह? देन मेबी ही डोन्ट वाँट."

एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या तेच डोक्यात. त्याला लावायचीच नाही. वाट मोकळी झाली की पाहुणे येणार, क्षिप्रा येणार, मी येणार. बंद आहे तोवर कुणी येऊ शकत नाही.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी दहाला फोन लावला. क्षिप्रा आईंकडून व्यायाम करून घेत होती. मी बाल्कनीत दार लावून बसले.

त्याला सगळं सांगितलं, अंकल, ढकलगाडी, आतला हुक, बाहेरचा हुक. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "अरे वा. तुला आली."

"मला एका मिनिटात आली, प्रबोध."

"चांगलं झालं."

"मग तुला का येत नाही?"

मी थांबलेच नाही.

"तुला लावायचीच नाहीये. आमच्यापैकी कुणी तिकडे यायला नकोय तुला. खरं सांग."

"तसं नाही."

"मग कसं? तुझे शब्द लोळतायत. कॅमेरा लावत नाहीस. मी काय मूर्ख आहे? तू परत पितोयस का?"

मला वाटलं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा आवाज चढलाच नाही. मग म्हणाला, "हो."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

आणि ठेवला.

मी तिथेच बसून राहिले. खाली कुणाचं तरी लग्न, मंडपात लाउडस्पीकरवर मलय गाणी, वर बिर्याणीचा वास. आत आले तर आई म्हणाल्या, "काय म्हणतो?" मी म्हटलं, थंडी आहे म्हणतो.

१९ जानेवारी

कॅप्टन बापटांना पुण्याला फोन केला. आवाज अजून अशक्त आहे त्यांचा. दारूबद्दल बोलले नाही, फक्त विचारलं, त्याला एकट्याला ठेवणं बरं वाटतं का तुम्हाला.

"वहिनी, मी तर म्हटलं होतं, यंदा बंदच ठेवू लॉज. त्यानंच हट्ट धरला. म्हणाला, श्री, मला एक हिवाळा दे."

एक हिवाळा. माझ्यापासून लांब. वीस वर्षं तो समुद्रावर असताना मी घर सांभाळलं, मूल वाढवलं, त्याच्या आईला इथे आणून ठेवलं, त्यांच्या इथे राहण्याच्या पासासाठी फेऱ्या मारल्या. आता कुठे तो जमिनीवर आला, तर त्याला सुट्टी हवी माझ्यापासून.

२४ जानेवारी, शनिवार

सहा दिवस फोन नाही. मी केला तर उचलत नाही. मेसेजला उत्तरं एकेका शब्दाची. ठीक. हो. जेवलो. केरोसीनची गाडी खालूनच परत गेली हे ओगावा-सान यांच्याकडून क्षिप्राला कळलं. त्याला विचारलं तर उत्तर, पुरेल.

क्षिप्रा माझ्याशी भांडली. "मम्मा, यू आस्क्ड हिम लाइक पोलीस लाह. हू वुड टॉक टू यू?"

"तुला काही माहीत नाही."

"देन टेल मी."

नाही सांगितलं. बापाबद्दल असं काय सांगायचं?

हाताला काम हवं म्हणून त्याचं कपाट आवरलं. सगळे बटणांचे शर्ट इथेच ठेवून गेलाय, नुसते टीशर्ट आणि चेनवाली जाकिटं नेली. बरोबर आहे, त्या थंडीत शर्ट कुठे घालणार. नाडीचे चांगले बूटही इथेच. ते मात्र न्यायला हवे होते, भक्कम आहेत. पुसून ठेवले.

२९ जानेवारी

काही नाही. ऑफिसात दोन चुका केल्या, चाचणी न करताच एक काम पुढे पाठवलं. पेई लिंगनं विचारलं, "ओके ऑर नॉट?" मी म्हटलं ओके.

१ फेब्रुवारी, रविवार

आज त्यानं स्वतःहून फोन केला. क्षिप्रानं बातम्यांत पाहिलंय, परवा तिकडे मोठा बर्फ पडणार आहे, मीटरभर. मी तेच विचारलं. म्हणाला, "हो. त्याआधी साखळी लावून वाट काढतो. उद्यापासून बसतोच."

किती अस्पष्ट बोलला. "साखळी" हा शब्द दोनदा म्हणावा लागला त्याला. सकाळी अकरा वाजता! मी दात आवळून गप्प बसले. मग म्हणाला, आईला दे.

आईंशी वीसेक मिनिटं बोलला. इतका वेळ तो त्यांच्याशी कधीच बोलत नाही. नंतर मी विचारलं, काय म्हणाला.

"काही नाही गं. मी लहानपणी तुला त्रास दिला का, विचारत होता. म्हटलं, एकदा गोवर झाला तेव्हा फार रडलास, बाकी नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "विनीता, तू त्याला इकडे आण."

"कसं आणू, आई? मला व्हिसा नाही. तुम्हाला सोडून जाता येत नाही. आणि त्याला यायचंच नाही."

एवढं बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला.

३ फेब्रुवारी

सकाळपासून फोन बंद. वाजतसुद्धा नाही. बातम्यांत नुसतं पांढरं.

४ फेब्रुवारी, बुधवार

स. ८.१०. फोन बंदच. ऑफिसला कळवलं, येत नाही. क्षिप्रा ओगावा-सान यांना लावतेय, लागत नाही. म्हटलं लावत राहा.

स. ९.२०. लागला. स्पीकरवर टाकला. क्षिप्रा जपानीत बोलते, मला सांगते. काल पहाटेपासून वीज नाही, मोबाइलचा टॉवर नाही, ओगावा-सान यांचा जुना तारेचा फोन तेवढा चालू आहे. बर्फ कमरेच्या वर. त्यांना दारातून गोठ्यापर्यंत जायला तास लागला.

"विचार, वरच्या घरातून धूर दिसतो का? दिवा?"

त्या बघायला गेल्या. फोन तसाच उघडा. गाईंचे आवाज येत होते. परत आल्या.

क्षिप्रा म्हणाली, "शी सेज... काही दिसत नाही म्हणतायत, मम्मा. नथिंग."

मग मी काय काय बोलले मला आठवत नाही. मराठीतच बोलत होते, त्या बाईंशी, थेट. माझ्या नवऱ्याला बघा हो, तुमच्या पाया पडते, असं काहीतरी. क्षिप्रानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

स. १०. त्यांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर मुख्य रस्त्यानं निघालाय. त्यालाही साखळ्या आहेत, पण रस्ताच अजून साफ नाही. बचाव पथकाला कळवलंय. ते म्हणतात, दुपारनंतर.

स. ११.०५. आईंना सांगावं लागलं. घरात काय चाललंय ते त्यांना दिसतच होतं. वॉकर घेऊन हॉलमध्ये आल्या, फोनच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. अजून तिथेच आहेत. चहा नको, पाणी नको.

दु. १२. त्याला मी शेवटचं काय म्हणाले? आठवतंय. "यायचंच नाही त्याला." तेही त्याला नाही, त्याच्या आईला.

देवा, पिऊन पडलेला असू दे. नुसता पिऊन झोपलेला असू दे. मी एक शब्द बोलणार नाही.

दु. १.३५. सापडला. जिवंत आहे.

लॉजशेजारच्या शेडमध्ये एटीव्हीजवळ पडला होता. सकाळी सातच्या सुमाराला पडला असावा, उठता आलं नाही. ताडपत्री ओढून अंगावर घेतली होती. ओगावा-सान ट्रॅक्टरच्या मागून चालत वर गेल्या आणि त्यांनी त्याला हाक मारली, तेव्हा त्यानं उत्तर दिलं. पाय काळे-निळे. घसरगाडीवर बांधून खाली नेतायत, मुख्य रस्त्यावर अँब्युलन्स.

आई अजून खुर्चीत आहेत. आता रडतायत.

५ फेब्रुवारी

क्षिप्रा गेली. अठरा वर्षांची पोर, माझा लोकरी कोट घालून, चांगी विमानतळावर वळूनसुद्धा बघितलं नाही. कशी दिसत होती त्या कोटात.

मी ऑफिसातून रजा घेतली. आईंना न्हाऊ घातलं, त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून माझ्या खांद्याला धरलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

क्षिप्राचा फोन. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून बोलत होती. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागतील. घोट्याला तडा आहे. बाकी जिवाला धोका नाही.

"मम्मा, आर यू सिटिंग?"

"बसलेय."

"डॉक्टरांनी विचारलं, हे हाताचं कधीपासून आहे. मी म्हटलं, कुठल्या हाताचं? मी म्हटलं, त्यांना फक्त थंडी लागलीय." तिनं नाक ओढलं. "बाबांनी मला त्यांची बॅग आणायला सांगितली. आत फाइल होती. सिंगापूरची. जुलैमधली."

मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला अजून ते माझ्याशी जोडता येत नाही. हातापायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी उजव्या हाताची बोटं गेली, मग डाव्याची, मग जीभ. पुढे पाय. पुढे श्वास. औषधानं थोडा वेळ मिळतो. एएलएस म्हणतात.

जहाजावरच्या वार्षिक तपासणीत त्याच्या हातात जोर सापडला नाही, म्हणून त्याला घरी पाठवलं. जुलैत कंपनीशी वगैरे काही बिघडलं नव्हतं.

"आणि दारू?" मी विचारलं.

"काय दारू?" क्षिप्रा म्हणाली. "मम्मा, व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?"

८ फेब्रुवारी

सात महिने लपवलं. नोव्हेंबरपर्यंत तर माझ्या शेजारी झोपत होता. ती फाइल याच घरात होती. चेकलिस्ट करून जगणारी मी, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते.

मला राग येतोय. त्याचाच येतोय. आजारी माणसावर इतकं चिडायचं असतं का, माहीत नाही. एकट्यानं बर्फात जाऊन बसायचं, मला वाटेल ते वाटू द्यायचं, पोरीला दोनदा परत फिरवायचं. मी काय केलं असतं? रडले असते. मग रडले असते! तेवढा हक्क नाही मला?

आईंना अजून सांगितलेलं नाही. म्हटलं, पायाचं ऑपरेशन आहे.

१० फेब्रुवारी

क्षिप्रा ओगावा-सान यांच्याबरोबर लॉजवर गेली, त्याचं सामान आणायला. शेडमधून फोटो पाठवले. काही लिहिलं नाही, नुसते फोटो.

एटीव्ही लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली. एका मागच्या चाकाला साखळी चढवलेली, ताण देऊन, नीट, हुकांची तोंडं बाहेर. दुसऱ्या चाकावर नुसती टाकलेली. जमिनीवर एक पक्कड आहे, तिला प्लंबरची पांढरी टेप गुंडाळलेली, मनगटाला बांधता येईल असा फास ठेवून. प्रत्येक हुकाच्या मागे तारेचं एकेक कडं ओवलेलं. बोटांत जोर नाही म्हणून त्या कड्यात मनगट अडकवून ओढायचं. दोन कड्यांवर वाळलेलं रक्त.

ओगावा-सान क्षिप्राला म्हणाल्या, जानेवारीभर रोज दिवसा शेडचं दार उघडं दिसायचं. त्यांना वाटलं, तो मशीन दुरुस्त करतोय.

रोज. मी बाल्कनीत बसून त्याला म्हणाले, तुला लावायचीच नाहीये.

फोटो मोठे करून बघत बसले. त्याला बाहेर यायचं होतं. चारशे मीटर खाली, रस्त्यावर, माणसांत. तेवढ्यासाठी त्यानं महिनाभर मनगटं सोलून घेतली.

मग आईंच्या खोलीत गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. विचारलं, "गिळता येतंय का त्याला?" मी म्हटलं, अजून येतंय. "मग मऊ भात करत जा," म्हणाल्या. थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल तो आला. चांगीला व्हीलचेअरवरून बाहेर आला, क्षिप्रा ढकलत होती. किती बारीक झालाय. माझ्याकडे बघून हसायला गेला आणि ओठाची एक बाजू वर गेलीच नाही. मी ठरवलं होतं, रडायचं नाही, ओरडायचं नाही. दोन्ही केलं, तिथेच, लोकांसमोर. तो ऐकून घेत होता. एक चिनी आजी टिश्यूचं पाकीट माझ्या हातात कोंबून पुढे गेली.

आज सकाळी आईंनी त्याला जवळ बसवलं. बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत होत्या. अंगठ्याच्या बुडाचं मांस पार गेलंय, तिथे खळगा आहे. त्या खळग्यात त्यांनी आपलं बोट ठेवलं. "दुखतं?" "नाही गं." मग त्या पेपर वाचायला लागल्या. उलटा धरला होता.

क्षिप्रा आंघोळीला गेली तेव्हा मी विचारलं. "पितोस का विचारलं, तर हो का म्हणालास?"

त्यानं बराच वेळ घेतला. आता प्रत्येक शब्दाला वेळ लागतो त्याला, आणि मला थांबायची सवय नाही.

"तुला तसं वाटलं, तर बरंच वाटलं मला," तो म्हणाला. "म्हटलं, राहू दे. दारू सुटते."

श्वास घेऊन पुढचं बोलला.

"मागे सुटली होती ना. तुला वाटलं असतं, परत सुटेल. तेवढी तरी..." पुढचा शब्द निघाला नाही. दोनदा प्रयत्न केला, मग हातानंच राहू दे म्हणाला.

मला माहीत होता तो शब्द. मी तो त्याच्यासाठी उच्चारला नाही. त्याच्या खुर्चीशी जमिनीवर बसले आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याचा हात माझ्या केसांवर आला. बोटं काही करू शकत नाहीत, नुसता हाताचा भार पडला. तो तसाच राहू दिला.

सोमवारी दहा वाजता इथल्या डॉक्टरांकडे जायचंय. मी म्हटलं, मी नेते. क्षिप्रा म्हणते, मी पण. आई म्हणतात, त्याच्याबद्दल काय सांगतात ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय, मलाही न्या. त्याची आणि आईंची, दोन व्हीलचेअर एका टॅक्सीत बसत नाहीत. क्षिप्रा मोठी गाडी मिळते का बघतेय.